पथकातील नवा मुलगा

जून महिन्याच्या मध्यास महाराष्ट्रातील शाळा उघडतात आणि त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत स्काऊट पथके नव्या मुलांची नावे नोंदवून घेतात. दिवाळीपूर्वी तोच हजेरीपट पुन्हा उघडून पाहिला, तर त्यांतील कित्येक नावांपुढे गैरहजेरीच्या खुणांची ओळ लागलेली दिसते. मुलगा का येईनासा झाला असे विचारावे, तर उत्तर ठरलेले असते : त्याला आवड नव्हती, किंवा घरच्यांनी अभ्यासासाठी बंद केले. ही दोन्ही उत्तरे मोठी सोयीची आहेत, कारण दोहोंतही पथकाकडे काही दोष येत नाही. वस्तुतः दहा-अकरा वर्षांच्या मुलाला शेकोटी, दोरी, नकाशा आणि रानातली वाट यांची आवड नसणे ही गोष्ट विरळाच. आवड होती म्हणूनच तो आला. तो गेला याचे कारण बहुधा असे असते, की पहिल्या तीन-चार सभांत त्याला तेथे कोणी आपला मानले नाही. आणि त्याच्या आईबापांना तर पथकातील कोणी कधी पाहिलेच नाही. या भाषणात 'मुलगा' हा शब्द वारंवार येईल, पण जे सांगावयाचे ते गाईड पथकातील मुलीसही तितकेच लागू आहे.

पहिल्या दिवशी नव्या मुलाला काय दिसते, याची आठवण जुन्या मुलांना राहत नाही. शिट्टी वाजते आणि क्षणार्धात पंचवीस-तीस मुले धावत जाऊन घोड्याच्या नालेच्या आकारात उभी राहतात. प्रत्येकाची जागा ठरलेली. फक्त याचीच नाही. ध्वज वर चढतो, सगळे एक गीत म्हणतात. ते याला येत नाही. कोणी तरी हस्तांदोलनासाठी डावा हात पुढे करतो, हा सवयीने उजवा करतो, आणि मागे कोणी खुदकन हसते. तीन बोटांची सलामी सगळ्यांना सहज जमते. याची करंगळी काही केल्या अंगठ्याखाली राहत नाही. 'प्रथम सोपान', 'मानसभा', 'रीफ गाठ' असले शब्द परभाषेतल्याप्रमाणे त्याच्या कानांवरून जातात. ज्या खुणांमुळे जुन्या बालवीरांस आपण एका कुळातले आहो असे वाटते, नेमक्या त्याच खुणा नव्या मुलाला तू बाहेरचा आहेस असे सांगत असतात. म्हणून त्या टाकून द्याव्या असे नव्हे. त्यांवाचून पथकाला रंगच उरणार नाही. परंतु दाराची कडी आतून काढावी लागते, आणि ती काढण्याचे काम कोणा एकाकडे सोपविलेले नसले तर ते कोणीच करीत नाही.

त्यातून आपल्याकडे पावसाळ्याची एक वेगळीच अडचण आहे. नव्या मुलाने ऐकलेले असते ते तंबूंविषयी, डोंगरांविषयी. आणि तो येतो तो मुंबईठाण्याच्या ऐन आषाढात! मैदानावर चिखल, आकाश गळते आहे, म्हणून पथक शाळेच्या व्हरांड्यात भरते आणि महिना दीड महिना नियम पाठ करणे, कवाईत करणे आणि तीच ती गाठ बांधून सोडणे यांतच जातो. ज्या काळात मुलाचे मन जिंकावयाचे, तोच काळ सर्वांत रुक्ष कार्यक्रमाचा असतो. याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. पण नव्या भरतीपैकी कित्येक मुले पावसाबरोबर वाहून जातात, त्याचे हे एक साधे कारण आहे.

या चळवळीचा आरंभच मुळी एकमेकांस अनोळखी असलेल्या मुलांपासून झाला, हे येथे आठवावे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल बंदरात ब्राउन्सी नावाचे बेट आहे. तेथे १९०७ च्या ऑगस्ट महिन्यात बेडन पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांचे शिबिर घेतले. त्यांतली काही मुले श्रीमंतांच्या नामांकित शाळांतली, तर काही कामकरी वस्तीतली होती. त्या काळच्या इंग्लंडात ही दोन प्रकारची मुले एका पंक्तीस बसणे ही सामान्य गोष्ट नव्हती. बेडन पॉवेल यांनी व्याख्यान देऊन त्यांस बंधुभाव शिकविला नाही. त्यांनी मुलांच्या चार लहान टोळ्या पाडल्या. एकीला लांडग्याचे नाव, एकीला बैलाचे, एकीला डोमकावळ्याचे, आणि एकीला कर्ल्यू या पाणपक्ष्याचे. प्रत्येक टोळीवर त्यांच्यातलाच एक मुलगा नायक नेमला, खांद्याला टोळीच्या रंगाची फीत लावली, आणि काम सोपविले. वीस अनोळखी मुलांत मिसळणे कठीण. चौघांत मिसळणे तितके कठीण नाही.

हीच ती संघपद्धती. पुढे रोलंड फिलिप्स या तरुण इंग्रज कार्यकर्त्याने तिच्यावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले, ते १९१४ मध्ये प्रसिद्ध झाले. दोनच वर्षांनी तो सोमच्या लढाईत पडला. पुस्तक मात्र अजून वाचले जाते. भारतातील पथकांतही सहा ते आठ मुलांचा एक संघ असतो, त्याचा एक संघनायक असतो, आणि संघनायकांची मिळून मानसभा भरते. पथक किती मोठे असावे याविषयी बेडन पॉवेल यांचे म्हणणे मोठे गमतीचे आहे. आपल्याला एका वेळी सोळा मुलांपेक्षा अधिकांची नीट ओळख ठेवता येत नाही, इतर लोक आपल्या दुप्पट हुशार आहेत असे धरले तर बत्तीस, असा त्यांचा हिशेब होता. विनोद बाजूला ठेवला तरी त्यात पकडण्यासारखी गोष्ट अशी, की पथकाचा आकार ठरविताना त्यांनी मैदानाची लांबीरुंदी मोजली नाही. एका माणसाला किती मुले खरोखर ओळखता येतील हे मोजले.

भारतातील इतिहासात तर दाराबाहेर कोण उभे आहे हा प्रश्न आणखीच बोचरा होता. १९०९ साली बंगळूर येथे स्काऊटिंगचा आरंभ झाला, तो गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलांपुरता. देशातील बाकीच्या मुलांस त्यात प्रवेश नव्हता. म्हणून १९१६ मध्ये डॉ. ॲनी बेझंट यांनी मद्रासेस भारतीय मुलांची स्वतंत्र संघटना काढली. त्यानंतर अलाहाबादेस पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची बालवीर संघटना उभी केली. निरनिराळे प्रवाह एकत्र येऊन 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही संस्था स्थापन होण्यास १९५० च्या नोव्हेंबरची ७ तारीख उजाडावी लागली, आणि मुलींची गाईड संघटना तीत आली ती १९५१ च्या १५ ऑगस्टला. आज नियमाने कोणाला दार बंद नाही. परंतु नियमाने उघडे असलेले दार गणवेशाच्या खर्चाने बंद होते, बोलण्याच्या भाषेने बंद होते, कधी केवळ ओळख नसल्यामुळे बंद होते.

तर मग पथकाने करावे काय? पहिली गोष्ट म्हणजे मुलगा पहिल्या सभेला येण्यापूर्वीच त्याच्या घरच्यांशी बोलावे. स्काऊटमास्तरांनी घरी जावे हे उत्तम. शहरात ते नेहमी साधत नाही, तेव्हा निदान पालकांस शाळेत बोलावून चहाचा पेला पुढे ठेवून पंधरा मिनिटे बसावे. छापील पत्रक हाती देणे म्हणजे बोलणे नव्हे. पत्रकात ध्येये असतात. आईला काही वेगळेच विचारावयाचे असते. सभा किती वाजता सुटते, आणि सुटल्यावर मुलाने रस्ता कोणाबरोबर ओलांडावयाचा? वर्षाकाठी एकंदर खर्च किती? नदीवर नेणार असाल तर पोहता येणारे मोठे माणूस बरोबर किती? आमच्या घरी अमुक पदार्थ चालत नाहीत, त्याचे शिबिरात काय? आणि बहुधा सर्वांच्या शेवटी, उठता उठता, किंचित संकोचाने विचारलेला प्रश्न : याने अभ्यास तर मागे पडणार नाही ना? शेवटच्या प्रश्नाला उगाच मोठी आश्वासने देऊ नयेत. आठवड्यातून दीड-दोन तास आणि वर्षातून काही दिवस शिबिर, एवढा वेळ जातो, हे स्वच्छ सांगावे. कोणी पालक राष्ट्रपती पुरस्काराविषयी विचारतात. तो प्रवेशानंतरचे तीन सोपान आणि राज्य पुरस्कार यांच्याही पलीकडचा, कित्येक वर्षांच्या चिकाटीचा आहे, हेही तेव्हाच सांगून टाकावे. पुरस्काराच्या आशेवर आणलेला मुलगा प्रथम सोपानातच कंटाळतो, आणि दोष मात्र त्याच्या माथी येतो.

पालकांनी एक प्रश्न आवर्जून विचारला पाहिजे, आणि पथकाने तो विचारण्याची वाटही पाहू नये. मुलांबरोबर मोठी माणसे कोण असतात, आणि एकटे मोठे माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत किंवा तंबूत राहणार नाही अशी व्यवस्था आहे की नाही? जागतिक स्काऊट परिषदेने २००२ साली ग्रीसमधील थेसालोनिकी येथे मुलांना इजा व छळ यांपासून सुरक्षित ठेवण्याविषयी ठरावच केला आहे. तेव्हा या प्रश्नात कोणाचा अपमान नाही. जे पथक तो ऐकून रागावेल त्यात मूल न पाठविणेच शहाणपणाचे. पालकाने न कळविता सभेला येऊन कोपऱ्यात उभे राहावे, याचीही पूर्ण मोकळीक असावी.

गणवेशाचा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण अनेक मुले नेमकी तेथेच अडतात. पहिल्याच दिवशी गणवेशाची यादी हाती पडली, की ज्या घरी महिन्याचा हिशेब काटेकोर चालतो तेथे मुलगाच आपल्या तोंडाने सांगतो, मला नाही जावयाचे. त्याला जावयाचे असते. घरची अडचण त्याने ओळखलेली असते. वास्तविक इतक्या घाईचे कारण नाही. गणवेश दीक्षाविधीसाठी हवा, आणि दीक्षा काही पहिल्या आठवड्यात होत नाही. तोवर साध्या शर्टावर मुलगा सर्व काही शिकू शकतो. शिवाय या वयातील मुलगा वर्षाच्या आत शर्टातून बाहेर पडतो. जुन्या मुलांचे आखूड झालेले शर्ट, चड्ड्या, पट्टे आणि टोप्या धुऊन, बटणे लावून एका पेटीत ठेवाव्या आणि कोणालाही, श्रीमंताच्या मुलालासुद्धा, प्रथम त्या पेटीतूनच मापाचे पाहण्यास सांगावे. सर्वांसाठी एकच पेटी असली म्हणजे कोणाचे हात कशासाठी पुढे झाले हे दिसत नाही. गरजू मुलांची यादी करून ती फळ्यावर लावणाऱ्या सद्भावी माणसांपासून मात्र पथकाने जपावे.

आता प्रत्यक्ष सभेचा दिवस. नव्या मुलाला सोबती म्हणून कोणता मुलगा द्यावा? पथकातला सर्वांत हुशार मुलगा बहुधा या कामाला निरुपयोगी ठरतो. त्याला न येणे म्हणजे काय हेच ठाऊक नसते. गेल्याच वर्षी आलेला, थोडासा बुजरा, आपली फजिती अजून न विसरलेला असा मुलगा निवडावा. त्याने काही मोठे करावयाचे नसते. फाटकाशी उभे राहून नव्याला आत आणावे, शिट्टी झाली की 'माझ्या डावीकडे उभा राहा' असे सांगावे, डावा हात पुढे करावयाचा हे आधीच कानात सांगून ठेवावे, पाण्याचा नळ आणि मुतारी कोठे आहे ते दाखवावे. शेवटली गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दीड तास अवघडून बसलेल्या मुलाला कोणतेही स्काऊटचे गीत गोड लागत नाही.

पहिल्या तासात मुलाच्या हाताला काही तरी काम लागले पाहिजे, आणि एखाद्या गोष्टीत तो जुन्यांच्या बरोबरीने उतरला पाहिजे. नियम पाठ म्हणून घेण्याचा तो दिवस नव्हे. येथे किमचा खेळ फार उपयोगी पडतो. किपलिंगच्या 'किम' या कादंबरीवरून बेडन पॉवेल यांनी तो घेतला. तबकात चोवीस लहान वस्तू मांडावयाच्या, एक मिनिट पाहू द्यावयाच्या, वर फडके टाकावयाचे, आणि किती आठवतात ते लिहावयाचे. अडकित्ता, सुपारी, किल्ली, बसचे तिकीट, सुईदोरा, चिंचोका, काजूची बी, जुने नाणे. घरात सापडेल ते चालते. पावसाळ्यात व्हरांड्यात बसून तो खेळता येतो, आणि त्यात जुन्या मुलाला जुनेपणाचा काहीच फायदा मिळत नाही. पुष्कळदा नवा मुलगाच अठरा-एकोणीस वस्तू सांगून जातो, आणि त्याचे नाव त्या दिवशी संघाला आपोआप पाठ होते. ओल्या लाकडांवर चूल पेटविण्याची शर्यतही अशीच. आषाढात ती कोणालाच धड साधत नाही, त्यामुळे सर्वांची फजिती सारखीच होते. पावसाळा ही अडचण खरी; पण ओली काटकी पेटविण्यास कोरड्या मे महिन्यात कोण शिकणार?

नव्या मुलाची थट्टा, त्याला घाबरविणे, त्याच्याकडून काही लाजिरवाणे करवून घेणे, आणि याला 'परंपरा' असे भारदस्त नाव देणे, हा प्रकार ज्या पथकात असेल तेथे स्काऊटमास्तरांनी तो त्याच दिवशी बंद करावा. त्याच्यावर चर्चा नको. मुले म्हणतात, आमचीही अशीच झाली होती. झाली असेल, त्यांपैकी जी मुले पुन्हा आली नाहीत ती आपली बाजू मांडण्यास हजर नसतात.

दुसरी आणि तिसरी सभा पहिलीपेक्षाही नाजूक असते. पहिल्या दिवशी कुतूहल असते. दुसऱ्या दिवशी पाय जड होतात. म्हणून दुसऱ्या सभेला सोबत्याने नव्या मुलाच्या घरावरून जावे आणि खालून हाक मारून त्याला बरोबर घ्यावे. तो गैरहजर राहिला तर त्याच संध्याकाळी संघातील कोणी तरी जाऊन विचारपूस करावी. का आला नाहीस, असे नव्हे. आज अमुक झाले, पुढच्या वेळी तमुक आहे, एवढेच सांगून परतावे. हे काम संघनायकाचे आहे, स्काऊटमास्तरांचे नव्हे. मास्तर दाराशी उभे राहिले की घरात धांदल उडते आणि मुलाला आपण काही गुन्हा केला असे वाटते. बरोबरीचा मुलगा आला तर आई त्याला आत बोलावते, हातावर लाडू ठेवते, आणि पथक म्हणजे कोण हे त्या घराला प्रथमच डोळ्यांनी दिसते.

काही मुले सहज मिसळत नाहीत, त्यांविषयी थोडे वेगळे सांगावयास हवे. वडिलांच्या बदलीमुळे बेळगावहून किंवा बडोद्याहून शाळेत आलेला मुलगा घ्या. त्याची मराठी निराळ्या वळणाची असते, किंवा घरची भाषाच निराळी असते. त्याच्या बोलण्याची नक्कल होऊ लागली की तो बोलणे बंद करतो आणि सारे म्हणतात, मुलगा घुमा आहे. अशा मुलाकडून त्याच्या गावचा एखादा खेळ संघाला शिकवून घ्यावा. शिकविताना तोंड उघडावेच लागते. याहून कठीण प्रकार चौदाव्या वर्षी प्रथमच येणाऱ्या मुलाचा. दहा वर्षांच्या मुलांबरोबर बसून पहिल्या गाठी शिकावयास त्याला शरम वाटते, आणि त्याच्या वयाची मुले तर राज्य पुरस्काराच्या तयारीला लागलेली असतात. त्याला लहानांत बसविणे म्हणजे हातचा घालविणे होय. त्याने समवयस्कांच्या संघातच राहावे, गाठी त्याला एका मित्राने वेगळ्या वेळी शिकवाव्या, आणि सामानाची नोंद ठेवणे किंवा सायकल दुरुस्त करणे असे जे काम त्याला आधीपासून चांगले येत असेल ते पहिल्या महिन्यातच त्याच्याकडे द्यावे. पद देऊ नये, काम द्यावे. पद दिले तर तीन वर्षे राबलेल्या मुलांचा हिरमोड होतो, आणि तो रास्तच असतो.

घरच्या माणसांचा पथकाशी संबंध कोठे जुळतो आणि कोठे बिघडतो हे पाहावयाचे असेल, तर 'खरी कमाई' पाहावी. महाराष्ट्रातील घरांस हा उपक्रम चांगला परिचयाचा आहे. मुलाने शेजारीपाजारी लहानसहान काम करावे, त्याचा मोबदला घ्यावा आणि कार्डावर नोंद करावी, ही त्यातली कल्पना. पण होते काय? मुलगा कार्ड घेऊन घरी येतो. वडील घाईत असतात. ते खिशातून नोट काढून देतात आणि कार्डावर आपल्याच हाताने 'गाडी धुतली' असे लिहून मोकळे होतात. गाडी धुतलेली नसते. वडिलांचा हेतू वाईट नसतो, मुलाला त्रास नको एवढाच असतो. परंतु खरेपणाचे वचन घेण्यासाठी जो मुलगा तयारी करीत आहे, त्याच्या कार्डावरची पहिली नोंद खोटी आणि ती बापाच्या अक्षरात! येथे दोष एकट्या बापाला देता येत नाही. हा उपक्रम कशासाठी आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते. आदल्या आठवड्यात पालकांची एक छोटी सभा घेऊन एवढेच सांगावे, की दहा रुपये मिळाले तरी चालतील पण गाडी धुतली गेली पाहिजे; आणि नीट धुतली नाही तर पुन्हा धुण्यास सांगावी.

पालकांस पथकात बोलवावयाचे ते केवळ खुर्चीवर बसून टाळ्या वाजविण्यासाठी नसावे. एखादी आई परिचारिका असते, तिने जखम बांधण्याचा पाठ घ्यावा. कोणाचे वडील रिक्षा चालवितात, शहराचा नकाशा त्यांच्याइतका कोणालाच ठाऊक नसतो. कोणाची आजी पत्रावळी लावण्यात तरबेज असते. या माणसांस एकेका दुपारचे काम दिले, की आपल्या मुलाचे पथक चालते कसे ते त्यांना दिसते. काही पालकांचे प्रेम मात्र आवरावे लागते. मुलाची गाठ सुटली की धावत येऊन स्वतः बांधून देणारे वडील प्रत्येक पथकात एक तरी असतातच. त्यांना दुसऱ्या संघाची गाठ तपासण्याचे काम द्यावे. स्वतःच्या मुलापासून वीस पावले दूर ठेवण्याचा याहून सभ्य मार्ग अद्याप कोणाला सापडलेला नाही.

दीक्षाविधीला घरच्यांस अगत्याने बोलवावे. त्या दिवशी मुलगा ध्वजाजवळ उभा राहून आपल्या तोंडाने वचन घेतो, त्याच्या गळ्यात पथकाचा स्कार्फ पडतो, आणि डाव्या हाताचे हस्तांदोलन होऊन तो आपल्या संघात जाऊन उभा राहतो. विधी साधा आणि लहान असावा. पाहुण्यांची भाषणे लांबली की मुलाच्या गुडघ्यांत कळ येते, आणि पुढे आयुष्यभर त्याला वचनाऐवजी ती कळ आठवते. वचन अडखळले तर कोणी सांगावयास धावू नये. संघनायकाने शेजारी उभे राहावे, तेवढे पुरते.

यानंतर पहिले रात्रीचे शिबिर. मुंबई-पुण्याच्या सदनिकेत वाढलेल्या कित्येक मुलांनी तोवर आईवाचून एकही रात्र काढलेली नसते. शिबिरापूर्वी पालकांकडून एक लेखी चिठ्ठी घ्यावी : औषधे कोणती, दमा आहे काय, कशाने अंगावर पित्त उठते, झोपेत उठून चालतो काय, अंथरूण ओले होते काय. शेवटची बाब घरची माणसे लाजेने लपवितात आणि मुलगा त्या भीतीने रात्रभर जागा राहतो. ती चिठ्ठी एकाच मोठ्या माणसाने वाचावी आणि खिशात ठेवावी. त्या मुलाला रात्री बाराला हळूच उठवावे, पहाटे सतरंजी बदलावी, आणि कोणाला कळू देऊ नये.

सामान मुलाने स्वतः भरावे. आई फार व्यवस्थित भरते, हीच अडचण. मोजे कोणत्या पिशवीत कोणत्या घडीखाली आहेत हे फक्त तिला ठाऊक असते, आणि ती तर पन्नास मैलांवर. तिने शेजारी बसून यादी वाचावी, आणि ताट, वाटी, पेला, चमचा, टॉवेल यांवर मुलाचे नाव घालून द्यावे.

घरची आठवण दिवसा येत नाही. ती दिवेलागणीला येते, आणि जेवणे झाल्यावर शेकोटी विझू लागली की अनावर होते. म्हणून नव्या मुलांस संध्याकाळी रिकामे ठेवू नये. कंदील पुसणे, पाणी आणणे, दुसऱ्या दिवसाची लाकडे झाकून ठेवणे असली कामे त्याच वेळची त्यांच्याकडे द्यावी. रात्री फोन लावून देणे ही दया नव्हे. मूल एव्हाना सावरलेले असते, आईचा आवाज ऐकताच बांध फुटतो, आणि तिकडे तीही रात्रभर झोपत नाही. सकाळी खुशालीचा निरोप सर्व घरी पोहोचेल अशी व्यवस्था आधीच सांगून ठेवावी. इतके करूनही एखादा मुलगा दुसऱ्या दिवशीही सावरला नाही, जेवला नाही, तर त्याला खुशाल घरी पोहोचवावे आणि निरोप देताना पुढच्या शनिवारच्या सभेची वेळ सांगावी. त्याला भित्रा म्हणणाऱ्या मुलाला मानसभेपुढे उभे करण्यास हरकत नाही.

शिबिर संपवून पथक स्थानकावर उतरते तेव्हा सगळेच थकलेले असतात आणि जो तो आपल्या वाटेने जाऊ पाहतो. त्या दिवशी संघनायकाने नव्या मुलाबरोबर त्याच्या घरापर्यंत जावे. जिना चढून सामान आत ठेवावे, आणि कोणत्या वस्तू हरवल्या ते मुलाच्या आईला आपल्या तोंडाने सांगावे : एक चमचा, एक मोजा, आणि टॉवेल दोरीवरच राहिला आहे, तो शनिवारी मिळेल.